शॉमबर्गचे सेंट पीटर चर्च

शिकागोच्या वायव्येला सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले शॉमबर्ग आज ओळखले जाते ते वुडफील्ड या अवाढव्य मॉलमुळे. तो मॉल उघडला १९७१ साली. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, याच गावातल्या सेंट पीटर लुथरन चर्चमध्ये जर्मन भाषेतून उपासना चालू होती! अमेरिकेत येऊन सव्वाशे वर्षे उलटलेल्या शेतकऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांची ही गोष्ट आहे.

इलिनॉयच्या माळरानाची सरकारने मोजणी केली ती सरळ चौकोन पाडून. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा. या चौकोनात आधी पूर्वेकडच्या राज्यांतले इंग्रजीभाषक शेतकरी आले आणि जवळजवळ त्यांच्या पाठोपाठ जर्मन. त्यांतला मोठा गट उत्तर जर्मनीतल्या शॉमबर्ग-लिपे या छोट्या संस्थानातला होता. १८५० साली टाउनशिपचे नाव ठरवायला बैठक बसली. लुथरबर्ग की लुथरव्हिल, असा खल चालू असताना फ्रीडरिष नेर्गे या बड्या जमीनदाराने टेबलावर मूठ आपटली आणि आपल्या गावाकडच्या बोलीत ठणकावले, ‘नाव शॉमबर्गच!’ गावात ही आख्यायिका म्हणून सांगतात. खरी असो वा नसो, नाव मात्र तेच राहिले.

अमेरिकन खेड्यातले चर्च म्हटले की मेथडिस्टांचे घोड्यावरून गावोगाव फिरणारे पाद्री आठवतात. लुथरन पंथाच्या या मंडळीचीही सुरुवात अशा फिरस्त्या पाद्र्यापासूनच झाली. त्याचे नाव फ्रान्सिस हॉफमन. जन्म १८२२, वेस्टफालियातला. अमेरिकेत आल्यावर डंकलीज ग्रोव्ह, म्हणजे आजचे ॲडिसन, इथे तो आधी शाळामास्तर झाला, मग पाद्री. तिथूनच शॉमबर्गला येऊन तो उपासना चालवी. पहिली इमारत उभी राहिली १८४७ मध्ये आणि वस्ती वाढल्यावर नवे चर्च १८६३ मध्ये. तोवर हॉफमन पाद्रीपण सोडून, शिकागोत बँक चालवून, इलिनॉयचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला होता (१८६१ ते १८६५). म्हातारपणी हाच गृहस्थ ‘हान्स बुशबाउअर’ या टोपणनावाने जर्मन वाचकांसाठी शेतीवर लिहीत असे. असा माणूस कादंबरीत घातला तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत. शेजारच्या हॉफमन इस्टेट्स गावाचा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही. ते नाव घरे बांधणाऱ्या बिल्डरांचे.

१८७० पर्यंत इंग्रजीभाषक शेतकरी जमिनी विकून आणखी पश्चिमेला निघून गेले आणि टाउनशिपमधली सगळी जमीन जर्मनांच्या हाती आली. माझ्या मते इथली भाषा इतकी वर्षे टिकली ती यामुळे. शेजारी, सोयरा, मास्तर आणि पाद्री, सगळे एकाच बोलीचे. मग इंग्रजीवाचून अडणार कुणाचे? विरोधही काही कमी नव्हता. १८८९ मध्ये इलिनॉयने एडवर्ड्स कायदा करून शाळांत इंग्रजी सक्तीची केली. लुथरन आणि कॅथलिक मंडळी एकवटली आणि १८९३ मध्ये तो रद्द झाला. पहिल्या महायुद्धात तर शेजारच्या आयोवा राज्यात गव्हर्नरने चर्चमध्येसुद्धा परकी भाषा बोलायला मनाई केली. शॉमबर्गची जर्मन त्याही लाटेतून वाचली. १९५० च्या सुमारासही इथल्या कित्येक शेतकरी घरांत मूल आधी जर्मन बोलायला शिके, इंग्रजी नंतर.

कायद्याने जे झाले नाही ते महामार्गाने आणि घरबांधणीने वीस वर्षांत करून टाकले. १९५६ मध्ये शॉमबर्ग रीतसर गाव म्हणून नोंदले गेले तेव्हा लोकसंख्या होती १३०. २०२० च्या जनगणनेत ती ७८ हजारांवर गेली. दुधाचा धंदा आणि बटाट्याची शेते गेली, ऑफिसे आली, आणि त्यांच्या मागून जगभरची माणसे. त्यांत आपलेही बरेच.

मुलांकडे शिकागोला जाणारे आई-वडील वुडफील्ड पाहतातच. तिथून गाडीने थोड्याच अंतरावर, शॉमबर्ग रोडवर, १८६३ चे ते चर्च अजून उभे आहे. खरेदी उरकली की तेवढी वाट जरूर वाकडी करावी.