दोन वर्षें फुकट गेलीं काय ?

गेल्या आषाढांत संत तुकाराममहाराजांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास आली. त्या मुक्कामाच्या रात्रीं आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं बसलों होतों. यजमानांनीं आपल्या कन्येस पुढें बोलाविलें आणि म्हटलें, "गुरुजी, हिला आतां तुम्हींच काय तें सांगा." मुलगी रोज एस्. टी.नें बारामतीस जाई. कला शाखेचें दुसरें वर्ष तिनें नुकतेंच संपविलें होतें. गाण्याची शिकवणीही तेथेंच चाले व गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'मध्यमा पूर्ण' परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती. तिला आतां पुण्यास विद्यापीठाच्या ललित कला केंद्रांत जाऊन गायन हाच मुख्य विषय घ्यावयाचा होता. वडिलांचा प्रश्न एकच होता. "तेथें पुनः पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागला, तर हीं दोन वर्षें फुकट गेलीं कीं नाहीं ?"

उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली व थोडी लाजही वाटली. सुमारें वीस वर्षांपूर्वीं नीराकांठच्या एका गांवचा मुलगा असाच सल्ला विचारण्यास आला होता. पखवाजावर त्याचा हात उत्तम चाले. आम्हीं त्यास सांगितलें, "बाळ, आधीं पदवी हातीं घे, मग वाद्य आहेच." त्यानें आमचें ऐकलें. पदवी मिळाली, नोकरी लागली, लग्न झालें, आणि पखवाज खुंटीस लागला. हल्लीं तो वर्षांतून एकदां, पालखी आली कीं, दिंडींत पखवाज गळ्यांत घालतो. त्या सायंकाळींही तो वाटेंत भेटला व वांकून नमस्कार करून पुढें गेला. आमचा सल्ला शहाणपणाचा होता. परंतु हात ज्या वयांत तयार होतो तें वय पदवीसाठीं थांबत नाहीं, हें आम्हीं हिशेबांत धरलें नव्हतें.

आपल्या संगीताचा इतिहास पाहिला, तर शिकलेलें बाजूस ठेवून नव्या गुरूपुढें बसणें ही त्यांत नवी गोष्ट नाहीं. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांनीं फैजमहंमद खां, नत्थन खां व अल्लादिया खां अशा तिघांपाशीं तालीम घेतली. केसरबाई केरकर या गोव्यांतील केरी गांवच्या. अब्दुल करीम खां, रामकृष्णबुवा वझे इत्यादिकांपाशीं शिकून झाल्यावर, तिशीच्या सुमारास, १९२१ सालीं त्यांनीं अल्लादिया खांसाहेबांचें शिष्यत्व पत्करलें. १९४६ सालीं खांसाहेब निवर्तले तोंपर्यंत तें नातें टिकलें. यांपैकीं कोणाचीं मागील वर्षें फुकट गेलीं, असें कोण म्हणेल ? आधींच्या गुरूंनीं जो गळा व कान तयार केला, तोच घेऊन शिष्य पुढच्या दारीं जातो.

त्या काळीं विद्यार्थी कोठवर आला आहे हें सांगणारें साधन मात्र नव्हतें. तें पुढें आलें. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि संगीतास पाठ्यक्रम व परीक्षा यांची शिस्त लाविली. त्यांच्या शिष्यांनीं १९३१ सालीं मंडळ काढलें. 'प्रारंभिक'पासून 'अलंकार'पर्यंतच्या त्याच्या परीक्षांमुळें आज आडगांवच्या मुलीसही आपली पायरी कळते. परंतु परीक्षेसाठीं पुष्कळ राग थोडे थोडे तयार करावे लागतात. निवड करणारे गुरुजन गळ्यांतील स्वर किती खरा आहे व पुढें किती शिकवितां येईल, हें पाहतात. प्रमाणपत्र दारापर्यंत नेतें, एवढेंच.

आतां कागदाचा भाग. बारामती-इंदापुराकडील महाविद्यालयें पुणें विद्यापीठाशींच संलग्न आहेत; तेव्हां विद्यापीठ तेंच, तर वर्षही तेंच चालेल, असा पालकांचा समज होतो. त्यांत २०२१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनीं 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही पेढी निघाली. विद्यार्थ्याचे श्रेयांक तींत जमा राहतात. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेंत निदान अर्धे श्रेयांक मिळवावे लागतात. शिवाय श्रेयांक पेढींत जमा असणें निराळें, व नव्या पाठ्यक्रमांत ते जमेस धरले जाणें निराळें. भाषाविषयांचे कांहीं श्रेयांक कदाचित् चालतील. पण रागाच्या तालमीची जागा अर्थशास्त्राचे श्रेयांक कसे भरून काढणार? म्हणून पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागेल असें धरूनच पालकांनीं खर्चाचा हिशेब मांडावा. इंदापुराहून पुणें सुमारें १४० किलोमीटर; रोज जाऊन येणें शक्य नाहीं. खोलीचें भाडें व खानावळ हीं आलींच. तिसरें वर्ष पुरें करून मग जाणें हाही एक मार्ग आहे. पण मधल्या वर्षांत रियाज खंडित होणार नाहीं, याची हमी घरानें दिली पाहिजे.

ललित कला केंद्र १९८७ सालीं निघालें. त्याच्या नांवास 'गुरुकुल' हा शब्द जोडलेला आहे. तेथें प्रवेशासाठीं गुरुजनांपुढें गाऊन दाखवावें लागतें. आम्हीं मुलीस सांगितलें, "दहा राग घेऊन जाऊं नकोस. यमन एकच ने, पण विलंबितांत सम न चुकतां अर्धा तास मांडतां येईल असा ने. पेटीच्या सुरावर टेकूं नकोस, तानपुऱ्यावर षड्ज लाव. समोरच्यांनीं एखादी जागा सांगितली, तर ती ऐकून तशीच घेऊन दाखव."

वडील बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "गुरुजी, ऊंस गेला तर दोन हंगाम थांबतों आम्ही. हिच्यासाठीं दोन वर्षें थांबूं."

पुढें ती पुण्यास जाऊन गाऊन आली आणि तिला प्रवेश मिळाला, तोही पहिल्याच वर्षांत. दिवाळीस घरीं आली तेव्हां किंचित् हिरमुसलेली होती. "गुरुजी, चार महिने झाले, अजून षड्ज आणि यमनच चाललें आहे. माझी मध्यमा कुणी विचारीतसुद्धां नाहीं."

आम्हीं म्हटलें, "बाळ, तुझी मध्यमा नसती, तर हा षड्ज तुला चार महिने सोसलाच नसता."

वडील ऐकत होते. त्यांनीं दोन वर्षांचा हिशेब पुनः काढला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्या घरांतून तानपुरा ऐकूं आला, आणि पखवाजाच्या त्या मुलास आपण काय सांगावयास हवें होतें, हें आम्हांस कळलें.