डोमेन नाव कुणाचं? रजिस्ट्रारचे डाव आणि आपले गैरसमज

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचा चप्पल दुकानदार असो, हुपरीचा चांदी व्यावसायिक असो की शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला, वेबसाइट आता प्रत्येकाला लागते. २०२५ मध्ये प्राडाच्या निमित्ताने कोल्हापुरी चप्पल जगभर गाजली. अशा वेळी लांबचं गिऱ्हाईक आधी वेबसाइटच शोधतं. तिचा पत्ता म्हणजे डोमेन नाव आणि ते नोंदवून देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. या धंद्याला नियम आहेत. ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसले की काहींचं चांगलंच फावतं.

गैरसमज १ : एकदा पैसे भरले की नाव कायमचं आपलं.

वस्तुस्थिती : डोमेन मुदतीवर मिळतं, गाळ्याच्या भाडेकरारासारखं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. जाहिरातीतला ठळक भाव बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो. नूतनीकरणाला तो कितीतरी पट होऊ शकतो. डॉट कॉमसारख्या नावांवर आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेची देखरेख असते. नूतनीकरणाचं शुल्क वेबसाइटवर दाखवणं तिने रजिस्ट्रारला बंधनकारक केलंय. ते किती असावं, यावर मात्र मर्यादा घातलेली नाही.

गैरसमज २ : बिलात जे जे आलंय, ते लागत असणारच.

वस्तुस्थिती : नाव निवडून पुढे गेलात की ईमेल, एसएसएल, ‘सुरक्षा पॅक’ अशा खुणा आधीच केलेल्या दिसू शकतात. त्या काढून टाका. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं साधं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं. न विचारता बिलात वस्तू घुसडणं ही ‘डार्क पॅटर्न’ची अनुचित प्रथा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रथा नोंदवल्या आहेत.

गैरसमज ३ : वेबसाइट करून देणाऱ्या पोराने नाव घेतलंय, म्हणजे ते आपलंच.

वस्तुस्थिती : नोंदणीत ज्याचं नाव, तो धारक. पैसे तुम्ही दिलेत, पण खातं आणि ईमेल त्याचा असेल, तर भांडण झाल्यावर किल्ली त्याच्याच हातात राहते. पहिल्याच दिवशी धारक म्हणून आपलं किंवा फर्मचं नाव आणि आपला ईमेल घालून घ्या.

गैरसमज ४ : नूतनीकरणाचं पत्र आलंय, म्हणजे भरावंच लागणार.

वस्तुस्थिती : आधी पाठवणारा कोण ते बघा. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ या नावाने बिलासारखी दिसणारी पत्रं वर्षानुवर्षं फिरत होती. पैसे भरले की डोमेन गुपचूप दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली. २०१४ मध्ये आयकॅनने त्याच्याशी संबंधित ब्रँडन ग्रे या रजिस्ट्रारला निलंबित केलं. ‘तुमच्या ब्रँडचं नाव चीनमध्ये दुसरा कुणी घेतोय, आधी तुम्हाला विचारतोय’ असा ईमेलही त्याच जातीचा. घाबरून पैसे पाठवू नका.

गैरसमज ५ : मुदत संपली की नाव त्याच दिवशी जातं.

वस्तुस्थिती : डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारला मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना, आणि मुदतीनंतर ५ दिवसांत आणखी एक सूचना पाठवावीच लागते. नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस जुन्या धारकाला ते परत मिळवता येतं, फक्त दंडासारखं जादा शुल्क बसतं. पण रद्द करण्याआधीच काही कंपन्या नाव लिलावात काढतात. करारात तशी अट असते. सूचना जुन्या, बंद ईमेलवर गेल्या तर नियमाचा उपयोग शून्य.

गैरसमज ६ : रजिस्ट्रारने अडवलं की बदलता येत नाही.

वस्तुस्थिती : आयकॅनच्या नियमाप्रमाणे धारकाने मागितल्यावर ५ दिवसांत ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा परवलीचा कोड, द्यावा लागतो, किंवा खात्यातून तो स्वतः काढता यावा लागतो. नवी नोंदणी किंवा नुकतीच बदली झाली असेल तर ६० दिवस थांबावं लागू शकतं. ‘आमच्याकडे पुढच्या वर्षाचे पैसे भरा, मगच सोडू’ हे कारण चालत नाही.

गैरसमज ७ : तक्रार करून काय होणार?

वस्तुस्थिती : डॉट कॉमची तक्रार आयकॅनकडे, डॉट इन आणि डॉट भारतची ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे. फसव्या बिलासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, म्हणजे आपल्याला कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. निव्वळ व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा त्यात बसत नाही. मात्र पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला ग्राहक मानलं जातं. तक्रारीसाठी बिल, ईमेल आणि पैसे भरतानाच्या पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुराव्याशिवाय तक्रार टिकत नाही.