सप्तर्षींतला तारास्फोट आणि हौशी डोळे

मे २०२३मध्ये एम १०१ या सर्पिल दीर्घिकेत तारा फुटल्याची बातमी आली. जगभरच्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पण १९ मे रोजी हा अतिनवतारा पहिल्यांदा हेरला तो जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक अतिनवतारे आहेत!

शोध जाहीर होताच ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी आपले ताजे फोटो पुन्हा उघडले. ही दीर्घिका त्यांची लाडकी. त्यात १९ तारखेला अमावस्या, म्हणजे फोटो काढायला हव्या तशा अंधाऱ्या रात्री. शोधाच्या काही तास आधीच्या फोटोंत ठिपका जेमतेम उमटलेला सापडला, त्याआधीच्या फोटोंत तो नव्हता. २ कोटी १० लाख वर्षांचा प्रवास करून आलेल्या या प्रकाशाची सुरुवात त्यामुळे तासांच्या हिशेबात सांगता आली.

या तासांना फार किंमत आहे. फुटला तो तांबडा महाराक्षसी तारा; हबल अवकाश दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत त्या जागी तो दिसतो. मरण्याआधीच्या काळात त्याने स्वतःभोवती बराच वायू सोडला होता. स्फोटाच्या झळाळीने तो वायू तापला की वर्णपटात अरुंद, तेजस्वी रेषा उमटतात. मागून वेगाने येणारा मलबा काही दिवसांतच त्या वायूला गाठतो आणि रेषा विरतात. ताऱ्याच्या अखेरच्या काळाचा पुरावा एवढ्याच अवधीत टिपावा लागतो. १९०९पासून या दीर्घिकेत पाच अतिनवतारे दिसले, पण इतक्या लवकर पुरावा हाती येणं हे भाग्यच.

आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी निरीक्षक घडवते आहे. माणसं आहेत, दुर्बिणी आहेत. आटत चालला आहे तो अंधार. लडाखमध्ये हानलेला राखीव अंधारक्षेत्र होतं, तर सह्याद्रीतलं एखादं पठार का राखता येऊ नये? सरकारने हे मनावर घ्यायलाच हवं.

ज्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण होती त्यांना तेव्हा शहराबाहेर पडून हा तारा पाहण्याची संधी होती. सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी त्रिकोण करणाऱ्या जागी दीर्घिका सापडते. ती फिकट आहे, तारा मात्र तेव्हा स्पष्ट दिसण्याजोगा होता. वटपौर्णिमा जवळ आली होती, म्हणून त्याआधी चंद्र मावळल्यावर बघणं बरं होतं. तारा पुढेही काही आठवडे तेजस्वी राहणार होता, पण तोवर आपल्याकडे पावसाचे ढग येणार होते.