पाचशे मीटरांत सोळा हजार भुका

फेरीवाल्यांसाठी २०१४ साली देशात कायदा झाला. एखाद्या शहराने जास्तीत जास्त किती फेरीवाल्यांना सामावून घ्यायचं, याचं प्रमाण त्यात दिलं आहे: लोकसंख्येच्या अडीच टक्के. ऐकायला हे चिमूटभर वाटतं. मुंबईला लावून बघा. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. तिचे अडीच टक्के म्हणजे ३ लाख ११ हजार. त्यांतले बहुतेक जण मोबाइलची कव्हरं, गाऊन, कांदे-बटाटे नि गजरे विकतात असं समजू. दहांतला एकच जण शिजवलेलं काहीतरी विकतो असं धरू. तरी एकतीस हजार गाड्या, टोपल्या आणि सायकली झाल्या. सकाळ, दुपार, रात्र अशा रोज तीन नव्या ठिकाणी खाल्लं आणि एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा गेलो नाही, तर यादी संपायला अठ्ठावीस वर्षं लागतील. पंचविशीत सुरुवात करणारा त्रेपन्नाव्या वर्षी मोकळा होईल. त्याच्या पोटाचं तोवर काय झालेलं असेल, हा हिशेब वेगळा.

आणि या एकतीस हजारांत इराणी नाहीत, उडुपी नाहीत, खाणावळी नाहीत, पोळीभाजी केंद्रं नाहीत, घरून डबे देणाऱ्या बायकाही नाहीत.

हे सगळे जण वडापावच विकत असते, तर आकड्यात फारसं नवल नव्हतं. ते तसं करत नाहीत, याचं कारण जनगणनेच्याच दुसऱ्या तक्त्यात सापडतं. २०११ साली मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे ४४.०४ लाख होते, हिंदी ३५.९८ लाख, उर्दू १४.५९ लाख आणि गुजराती १४.२८ लाख. चौघांची बेरीज १ कोटी ९ लाखांच्या जवळ जाते. उरतात साडेपंधरा लाख. तमिळ, तेलुगू, कन्नड, तुळू, कोकणी, मल्याळम, सिंधी, पंजाबी, बंगाली आणि बाकीचे सगळे या उरलेल्यांत आले. त्याच जनगणनेत अख्ख्या गोवा राज्याची लोकसंख्या १४.५९ लाख होती. म्हणजे मुंबईच्या शिलकीत गोवा बसवला तरी वर नव्वद हजार माणसं उरतात.

शिवाय हे रकाने जिभेच्या दृष्टीने फारच ढोबळ आहेत. हिंदीत भोजपुरीही मोजली जाते आणि मारवाडीही, म्हणजे लिट्टी-चोखा आणि दाल-बाटी एका ओळीत. कच्छी जाते सिंधीच्या रकान्यात, म्हणजे दाबेली आणि दाल-पकवान एका घरात. मराठीच्या ४४ लाखांबद्दल तर बोलायलाच नको. मालवणचं तिखलं, खानदेशची शेवभाजी, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, नागपूरचा सावजी रस्सा आणि वांद्रे-वसईकडच्या ईस्ट इंडियनांचा बॉटल मसाला हे सगळं एकाच आकड्याखाली झाकलेलं आहे.

तरीही एवढे लोक एका शहरात असणं आणि त्यांचं जेवण कोणालाही परवडेल अशा भावात मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट कशी घडते हे समजायला थोडी भूमिती लागते.

मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर भरतात. एका चौरस किलोमीटरमध्ये २०११ साली इथे सुमारे २०,६०० माणसं राहत होती. देशाची सरासरी त्याच साली ३८२ होती. आता एखाद्या नाक्यावर खाण्याची गाडी लावा आणि तिच्याभोवती पाचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. चालत सहा-सात मिनिटांचं हे अंतर. वर्तुळाचं क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटरहून जरा जास्त. देशाच्या सरासरीने त्यात तीनशे माणसं राहतील. मुंबईच्या सरासरीने राहतील सोळा हजार. या सरासरीत राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, खाड्या आणि मिठागरंही धरलेली आहेत. ती वगळली तर आकडा आणखी फुगतो.

समजा, तुमच्या मुलखातला माणूस इथे शंभरात एकच आहे. तीनशेंच्या वर्तुळात तुम्हाला तीन गिऱ्हाइकं मिळतील आणि त्यांतला एक तुमचा मेहुणा असेल, उधारीवर खाणारा. अशा ठिकाणी गावाकडचा पदार्थ सणासुदीला घरीच करायचा. सोळा हजारांच्या वर्तुळात तुमच्याकडची एकशे साठ माणसं निघतात. त्यांतली चाळीस जरी रोज आली तरी चूल पेटती राहते. भांडवल थोडं, जाहिरात शून्य, पदार्थ तीन किंवा चार, आणि उरलेल्या पंधरा हजार आठशे चाळीस लोकांतला कोणी वासाने ओढला गेला तर तो वरचा नफा. वेगळं ते महाग, असा एरवीचा व्यवहार असतो. मुंबईत तो मोडतो तो या गुणाकारामुळे.

हा गुणाकार सगळ्यात आधी एकट्या पुरुषांच्या पोटावर झाला. मुंबईत १८९० सालापासून डबेवाले आहेत. करोनाच्या आधी पाच हजार डबेवाले रोज दोन लाख डबे पोहोचवत, माणशी चाळीस. पण डबा त्याचा, ज्याच्या घरी रांधणारं कोणी आहे. ज्याचं घर गावी, त्याला खाणावळ. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातले, साताऱ्याचे, कोल्हापूरकडचे कितीतरी जण बायकामुलं गावी ठेवून इथे गाळ्यात राहायचे आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. अडीच लाखांतले निम्मेच एकटे धरले आणि एका खाणावळवालीकडे पंचवीस गडी जेवतात असं मानलं, तर पाच हजार चुली होतात. त्याही परळ, लालबाग, वरळीच्या टापूत. महिन्याच्या बोलीवर जेवण द्यायचं, पगार झाल्यावर पैसे मिळायचे आणि तोवरचा किराणा सावकाराच्या व्याजाने भरायचा, असा या बायकांचा धंदा होता. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं.

माणसं बदलली तरी रीत हीच राहिली. यझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांनी नाक्यानाक्यावर चहा आणि ब्रूनमस्का मांडला. कयानी १९०४ सालचं, ब्रिटानिया १९२३ सालचं. माटुंग्याला १९४० साली कॅफे मद्रास सुरू झालं आणि दोनच वर्षांनी, थोड्या अंतरावर, ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे कूड होते, ऐन भरात तीनशेच्या वर. बोटीवर चढायची वाट बघणारा खलाशी आपल्याच गावच्या कूडात पथारी टाकायचा.

कुटुंबंच्या कुटुंबं आली तिथे गणित पालटलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कल्याणजवळ बांधलेल्या बराकींमध्ये फाळणीनंतर लाखाच्या घरात सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. यांना खाणावळ नको होती, रांधणारे हात सोबतच होते. घरात लाटलेला पापडच विक्रीला निघाला. चेंबूर कॅम्प, शीव-कोळीवाडा आणि उल्हासनगरात दाल-पकवान आजही नाश्त्याच्या दराने मिळतं ते यामुळे. बायकांच्या हातांचा गुणाकार कुठवर जातो, याचा मुंबईतला सगळ्यात मोठा दाखला मात्र गिरगावातला आहे. १५ मार्च १९५९ रोजी तिथे सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. साठ वर्षांनी त्या लिज्जत पापडाची उलाढाल १,६०० कोटी रुपयांवर गेली होती आणि लाटणाऱ्या बायका ४५ हजार होत्या. ८० रुपयांचे १,६०० कोटी म्हणजे वीस कोटी पट. कुठल्याही शेअरने असा परतावा दिल्याचं ऐकिवात नाही.

स्वस्ताईचा दुसरा आधार आहे लोकल. वडापावचं श्रेय अशोक वैद्य यांना देतात: दादर स्टेशनबाहेर, साल १९६६. जागा महत्त्वाची आहे. करोनाआधी मुंबईच्या लोकलने रोज साधारण ७५ लाख लोक प्रवास करत. प्रत्येक जण एकदा चढतो आणि एकदा उतरतो, म्हणजे स्टेशनच्या तोंडाशी दिवसाला दीड कोटी वेळा कोणीतरी घाईत आणि भुकेलं असतं. त्या दीड कोटींतल्या शंभरातल्या एकानेच वीस रुपयांचं काही खाल्लं, तरी रोजचे तीस लाख रुपये आणि वर्षाचे जवळजवळ एकशे दहा कोटी होतात. एका वड्यामागे दोन-तीन रुपयेच सुटले तरी चालतात, ते या संख्येच्या जोरावर. मुंबईतल्या प्रत्येकाने एका दिवशी एकच पाव खाल्ला आणि ते पाव सीएसएमटीपासून एकाला एक लावून रुळाच्या कडेने मांडत गेलो, सात सेंटिमीटरचा एक असे, तर रांग ८७० किलोमीटरची होईल. रेल्वेने नागपूर ८३७ किलोमीटरवर आहे.

गिऱ्हाईक स्टेशनवर येत नसेल तर दुकान गिऱ्हाइकाकडे जातं. धारावीतून पहाटे निघणाऱ्या इडलीवाल्या अण्णाच्या सायकलला भाडं नाही, पागडी नाही, विजेचं बिल नाही. पाच किलोमीटरच्या फेरीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दोनशे-दोनशे मीटर धरले, तर त्याचा ‘पों पों’ चाळीस हजार माणसांच्या वस्तीतून जातो. पातेलं रिकामं व्हायला त्यातली दोनशे पुरतात.

खाणाऱ्यासाठी या सगळ्याचा अर्थ असा, की मुलूख पालटायला मुंबईत फार लांब जावं लागत नाही. दादर, माटुंगा आणि शीव ही मध्य रेल्वेवरची लागोपाठची तीन स्टेशनं, सगळं मिळून चारेक किलोमीटर, दर टप्प्याला दुसऱ्या वर्गाचं पाच रुपयांचं तिकीट. दादरला मालवणी, माटुंग्याला दक्षिण कानडा, शीवला उतरून गुरू तेग बहादूर नगराकडे चाललं की सिंध आणि पंजाब. उडुपी आणि सिंधमधलं शिकारपूर यांत सरळ रेषेने सतराशे किलोमीटरचं अंतर आहे आणि मध्ये एक सीमा, जी आज सहजी ओलांडता येत नाही. इथे ते अंतर एका सकाळीत, तीस-साठ रुपयांच्या बशांत कापून होतं.

गुणाकार उलटाही चालतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत साडेतीनशेच्या आसपास इराणी हॉटेलं होती असं सांगतात. आज ती दोन आकड्यांत मोजावी लागतात. गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर खाणावळींच्या पंगती गेल्या. खलाशांची भरती आटली, कूड ओस पडले. कोणाची चव बिघडली म्हणून हे झालं नाही. वर्तुळातली एकशे साठ माणसं चाळीसवर आली, त्या चाळीसांनी लग्नं केली, बदलापूर-विरारला घरं घेतली, मुलं इंजिनिअर झाली. मालकाचा मुलगाही गल्ल्यावर बसेना. त्यात रस्त्यावर अन्न शिजवायला महापालिकेची परवानगी नाही, त्यामुळे नव्या गाडीचं आयुष्य पालिकेची गाडी येईपर्यंतचं. एका पिढीची भरभराट म्हणजे तिच्या स्वस्त जेवणाचा शेवट, असं या शहरात पुन्हा पुन्हा झालं आहे.

म्हणून नवं आणि स्वस्त खायचं असेल तर खाद्यजत्रांच्या जाहिराती वाचून उपयोग नाही. २०११ साली मुंबईत शंभरातले ४३ जण दुसरीकडून आलेले होते, तेव्हा आता कोण येतंय ते बघावं. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर नेपाळच्या सीमेला टेकलेल्या जयनगरहून पवन एक्स्प्रेस येते, गोरखपूरच्या गाड्या येतात, अडीच हजार किलोमीटरहून लांबच्या कामाख्याहून कर्मभूमी एक्स्प्रेस येते. साकीनाका आणि कुर्ल्याच्या कारखान्यांभोवती सत्तू आणि लिट्टी-चोखा मिळतो, कलिना-वाकोल्याच्या गल्ल्यांत ईशान्येकडच्या मुलामुलींसाठी डुकराचं मांस आणि बांबूचे कोंब शिजतात. तिथे आज गिरणगावाचं जुनंच गणित नव्या माणसांवर चाललं आहे. एका खोलीत सहा जण, रांधायला वेळ नाही आणि खाली कोणीतरी आपल्याकडचं करून देणारं. अशा ठिकाणी लवकर जावं. त्या एकशे साठ जणांचं बस्तान बसलं की फळ्यावर खडूने लिहिलेले भाव छापील मेनूत जातात आणि साठ रुपयांच्या ताटाचे साडेतीनशे होतात.