माती राखायला पदवी लागत नाही

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की कांचनवाडीला वाल्मी लागते. पूर्ण नाव जल व भूमी व्यवस्थापन संस्था, स्थापना १९८० ची. ही सरकारी अभियंत्यांची जागा, तिथे शेतकऱ्याचे काय काम, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कालव्याच्या पाण्याचे वाटप स्वतः करणाऱ्या पाणीवापर संस्थांचे शेतकरीही इथे शिकून जातात. राज्याचे मृद व जलसंधारण आयुक्तालयही याच शहरात आहे. मातीपाण्याचे एवढे ज्ञान दाराशी असताना त्याभोवती गैरसमजांचे तण माजावे, ही खेदाची गोष्ट आहे.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे शेतीचे शिक्षण फक्त बारावी विज्ञान आणि सीईटी देणाऱ्यांसाठी असते. तो मार्ग कृषी पदवीचा. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाला पदवीची अट नसते. शेतकरी, महिला, गावातली तरुण मुले यांच्यासाठीच ही केंद्रे उभी राहिली. देशातले पहिले १९७४ मध्ये पुदुच्चेरीला. संभाजीनगर जिल्ह्यात दोन आहेत. एक परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे, पैठण रस्त्यावर; दुसरे एमजीएमचे, गांधेलीला. ज्यांना घरची शेती सांभाळून प्रमाणपत्र किंवा पदविका हवी, त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मराठीतले अभ्यासक्रम खुले आहेत.

दुसरी समजूत अधिक महाग पडते: जलसंधारण म्हणजे नाला खोल करणे. यंत्र लावले, खड्डा झाला, पाणी दिसले, काम संपले! पण वरचा माळ उघडाच असेल तर पहिल्या दोन-चार जोरदार पावसांत माती वाहून येते आणि तो खड्डा गाळाने भरतो. म्हणून पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. आधी माळावर सलग समतल चर, झाडे आणि गवत. मग शेतात बांधबंदिस्ती. नाल्यातले बांध सर्वांत शेवटी. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत हाच क्रम पाळला गेला. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे काम केले. पुढे गावाने शेततळी खोदली, द्राक्षबागा उभ्या केल्या, आणि २०१२ च्या भीषण दुष्काळातही त्या बागा तगल्या. आज इतर गावांचे शेतकरी कडवंचीचे शिवार पाहायला जातात. पाणलोट शिकायचा तर याहून चांगला वर्ग नाही, कारण इथे चुकीची आणि बरोबर जागा पायाखालीच कळते.

मराठवाड्याची जमीन काळी, खोल, तिला काय होणार, असेही ऐकू येते. खोल काळी माती नदीकाठच्या पट्ट्यात. डोंगराकडे सरकावे तसा थर पातळ होत जातो आणि खाली मुरूम लागतो. तो उरलेला वीतभर थर वाहून गेला तर पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. उताराला आडवी पेरणी आणि रुंद वरंबा सरी ही त्यावरची साधी, कमी खर्चाची कामे आहेत.

सेंद्रिय शेती म्हणजे खते-औषधे बंद केली की झाले, हाही भ्रमच. राष्ट्रीय मानकांनुसार हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा रूपांतर काळ असतो, आणि त्या काळातल्या प्रत्येक निविष्ठेची नोंद ठेवावी लागते. म्हणजे शेणखत, हिरवळीची खते, कीडनियंत्रण आणि वही, चारही गोष्टी शिकाव्या लागतात.

माती परीक्षणाचेही तसेच. बांधाजवळची किंवा उकिरड्याखालची ओंजळभर माती नेली तर अहवाल खोटा येतो. शेतात सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे, वीतभर खोल खड्डे घेऊन माती एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवायचे.

परभणीच्या विद्यापीठात दरवर्षी १८ मे रोजी, म्हणजे विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, खरीप शेतकरी मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा. शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात. यंदा घरातल्या शिकत्या मुलामुलींनाही सोबत न्यावे.