पीयूषिकेतील औषध आणि शुद्धतेची कसोटी

कवटीच्या तळाशी हाडाच्या लहानशा खोबणीत वसलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची असते; तथापि शरीराची वाढ, थायरॉइडचे कार्य आणि प्रजनन यांचे नियमन करणारी संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवांना संदेश पोहोचवणारी रसायने, तिच्यातून स्रवतात. ज्या बालकांत वृद्धी संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, त्यांची उंची खुंटते. मधुमेहींना गायी-डुकरांचे इन्सुलिन लागू पडत असले, तरी या प्राण्यांचे वृद्धी संप्रेरक माणसाच्या शरीरात निष्प्रभ ठरले. त्यामुळे मृत माणसाची ग्रंथी हाच एकमेव स्रोत उरला.

अशा संप्रेरकाने एका मुलाची उंची वाढल्याचे बोस्टन येथील मॉरिस रेबेन यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केले. शवविच्छेदनात काढलेल्या ग्रंथी अॅसिटोनमध्ये ठेवल्या की त्यांतील पाणी व मेद निघून जात आणि प्रथिने भुकटीच्या रूपात टिकत. रेबेन ही भुकटी तीव्र अॅसिटिक आम्लात विरघळवून तीतून वृद्धी संप्रेरक वेगळे करीत. एका ग्रंथीतून काही मिलिग्रॅमच संप्रेरक मिळत असल्याने एका घाण्यासाठी हजारो ग्रंथी एकत्र कराव्या लागत. अमेरिकेत हे औषध पुरवण्याच्या उपक्रमातून सुमारे 7,700 जणांना ते मिळाले, तर ब्रिटनमध्ये 1959 ते 1985 या काळात 1,800 हून अधिक जणांना.

धोका नेमका या एकत्रीकरणात होता. 1985 मध्ये, बालपणी हे उपचार घेतलेले काही तरुण क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावल्याचे उघड झाले. हा रोग जंतूमुळे नव्हे, तर प्रिऑन नावाच्या, चुकीची घडी पडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि ते उष्णतेलाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणून एकाच बाधित ग्रंथीने संपूर्ण घाणा दूषित होऊ शकत असे. फ्रान्समध्ये अशा मृत्यूंची संख्या शंभरावर गेली.

अमेरिकेत 1977 पासून अल्बर्ट पार्लो यांच्या पद्धतीमुळे शुद्धीकरणात आणखी एक टप्पा आला होता. सूक्ष्म छिद्रे असलेल्या जेलच्या मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून द्रावण सोडले असता मोठे रेणू लवकर बाहेर पडतात, लहान रेणू छिद्रांत रेंगाळून मागाहून येतात, आणि त्यामुळे संप्रेरक अधिक शुद्ध मिळते. ही पद्धत प्रिऑनसाठी योजलेली नव्हती. तरीही त्या देशात 1977 नंतर उपचार सुरू झालेल्यांत हा रोग आढळल्याची नोंद नाही.

मानवी ग्रंथींपासून केलेल्या औषधाचे वितरण अमेरिकेत 1985 च्या एप्रिलमध्ये थांबले आणि ऑक्टोबरमध्ये जनुक अभियांत्रिकीने जिवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या संप्रेरकाला मान्यता मिळाली. जुन्या औषधाने असंख्य बालकांना उंची दिली हे खरे. परंतु शुद्धतेची कसोटी ठाऊक असलेल्या अशुद्धींपुरतीच असते, हे त्याची किंमत मोजणाऱ्या कुटुंबांनी जगाला शिकवले.