सैनिकाची मुले सज्ञान झाल्यावर

उत्तर कन्नड जिल्ह्यात जोयडा तालुक्यातील गुंद गावाच्या उत्तरेस बेळगाव आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तेथेच. या पलटणीच्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. तेथे नेपाळचे गुरखेही लढले. मराठा शिपाई निवृत्त झाला की स्वतःच्याच देशात परततो. त्याच्या मुलांना तेथे राहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. परक्या देशाची चाकरी करणाऱ्या गुरख्याचे मात्र तसे नाही.

१९४७ साली झालेल्या करारान्वये दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या व चार ब्रिटनकडे गेल्या. भारताच्या सेवेतील गुरख्यांचा प्रश्न सोपा झाला. १९५० च्या भारत-नेपाळ तहामुळे नेपाळी नागरिकास भारतात राहण्याची व कामधंदा करण्याची मोकळीक आहे. मग तो कोणाचा मुलगा व त्याचे वय काय, हे विचारले जात नाही.

ब्रिटनच्या सेवेतील गुरख्यांस मात्र निवृत्तीनंतर त्या देशात स्थायिक होण्याचा मार्ग दीर्घकाळ बंद होता. २००४ साली तो काहींसाठी उघडला. पण १ जुलै १९९७ पूर्वी निवृत्त झालेले त्यातून वगळले गेले. २९ एप्रिल २००९ रोजी पार्लमेंटात या प्रश्नावर सरकारचा पराभव झाला, आणि पुढील महिन्यात किमान चार वर्षे सेवा केलेल्या जुन्या गुरख्यांनाही ही सवलत मिळाली. पत्नी व अठरा वर्षांखालील मुले यांना बरोबर येण्याची मुभा होती. सज्ञान मुलांस मात्र असा सरसकट हक्क नव्हता.

खरा पेच येथेच आहे. १९७० च्या सुमारास निवृत्त झालेल्या सैनिकाची मुले २००९ पर्यंत चाळिशीच्या घरात पोचली होती. बापाला हक्क वेळेवर मिळाला असता, तर ती बालपणीच तेथे गेली असती. विलंब सरकारचा, त्याची शिक्षा मात्र मुलांना. २०१३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने या ऐतिहासिक अन्यायास वजन द्यावे, असे ठरविले. तथापि आईबापांशी कौटुंबिक जीवन खरोखर टिकून आहे, हे मुलाने आधी सिद्ध केले पाहिजे.

२०१५ पासून अठरा ते तीस वर्षांच्या मुलांसाठी निराळी तरतूद झाली. अर्जदार आईबापांवर पैशाने व मनाने अवलंबून असावा आणि त्याने स्वतंत्र संसार थाटलेला नसावा, या तिच्या मुख्य अटी होत. तिशी ओलांडलेल्यास कौटुंबिक जीवनाच्या मानवी हक्काचाच आधार घ्यावा लागतो.

अमेरिकेतही असेच घडले. महायुद्धात लढलेल्या फिलिपिनो सैनिकांना १९९० च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले. मुलांना मात्र व्हिसासाठी वीस-वीस वर्षे थांबावे लागले. २०१६ साली त्यांच्यासाठी विशेष प्रवेशाची योजना निघाली, तोवर कित्येक बाप निवर्तले होते.

कायदा अठरावे वर्ष पाहतो. म्हातारपणी आधाराला कोण आहे, हे घर पाहते. ही दोन मापे जुळविताना उशीर झाला, तर सैनिकाला हक्काचा कागद मिळतो. पण दाराशी मुलगा नसतो.